व्याख्यानातून काय निष्पन्न होते?

हा प्रश्न आला की मला लंडनची वैमानिक संस्था आठवते. मनुष्य विमानातून उडण्यापूर्वी ३७ वर्षे, १८६६ साली ती स्थापन झाली. त्याच वर्षी २७ जून रोजी तिच्या पहिल्या जाहीर सभेत फ्रान्सिस वेनहॅम यांनी निबंध वाचला. पंखाच्या पुढच्या कडेजवळच बहुतेक भार पेलला जातो. म्हणून पंख लांब, अरुंद असावेत व एकावर एक रचावेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे तिरप्या पृष्ठभागावरील वाऱ्याचा जोर मोजण्यासाठी संस्थेने १८७१ साली जगातील पहिला वातबोगदा उभारला. १९०३ साली उडालेले राइट बंधूंचे विमानही दुहेरी पंखांचेच होते. विचार सभेत मांडावा, मग प्रयोगाने पडताळावा, हा तो धडा. म्हणून या स्मृतिव्याख्यानानंतर विद्यार्थ्यांनी टाळ्यांबरोबर शंकाही विचाराव्यात, एवढीच माझी अपेक्षा आहे.