रायफलच्या सुट्या भागांची पारख

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले. मुलगा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. पण त्याची नेमबाजी घडली ती नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत. त्यामुळे आपल्या शहराला त्या पदकाचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. त्या अभिमानातून मुलांना रेंजवर घेऊन येणाऱ्या आईवडिलांच्या हाती मात्र फार लवकर एक यादी पडते: आयरिस लावा, खांद्याला टेकणारी बट प्लेट बदला, नळीवर वजने चढवा, परदेशी जॅकेट मागवा. मूल अजून नीट उभे राहायला शिकलेले नसते आणि घरात हप्त्यांचा हिशेब सुरू होतो. त्या यादीतले काय खरेच गुण वाढवते आणि कशाचे पैसे नुसतेच जातात, हे कोणीतरी सविस्तर सांगायला हवे, असे मला बरेच दिवस वाटत होते.

यादी इतकी लांबली त्याला गुणपद्धतीही कारण आहे. सुमा शिरूर यांनी २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण मिळवले, तेव्हा प्राथमिक फेरीत दहाच्या वर्तुळाला शिवलेली गोळी म्हणजे सरळ दहा गुण. २०१३ पासून एअर रायफलच्या प्राथमिक फेरीतही दशांश मोजले जाऊ लागले. १० मीटरवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, आणि गोळी पाव मिलिमीटर सरकली की एक दशांश गुण गेला. ६० गोळ्यांत दर गोळीला एकच दशांश हुकला तरी सहा गुण होतात, आणि राज्य स्पर्धेत सहा गुणांत नाव यादीत फार खाली जाते. या पाव मिलिमीटरवर जगभर मोठा व्यवसाय उभा आहे. आन्शुट्झ, वाल्टर, फाइनवेर्कबाउ हे रायफली बनवणारे. सेंट्रा, गेहमान, एमईसी हे सुटे भाग बनवणारे. त्यांचा माल उत्तम असतो याबद्दल वाद नाही. प्रश्न असा की तुमच्या मुलाचा तो पाव मिलिमीटर नेमका कुठे हरवतो आहे?

माझ्या मते पहिला पैसा गोळ्यांवर जावा. स्वप्नीलच्या वडिलांनी गोळ्यांसाठी कर्ज काढले होते, हे पदकानंतर सगळ्या महाराष्ट्राने वाचले. स्वतःची पहिली रायफल त्याला रेल्वेत नोकरी लागल्यावर घेता आली. म्हणजे घडण्याच्या वर्षांत पैसा सरावात गेला, सजावटीत नाही. एअर रायफलच्या मुलाने दिवसाला ८० गोळ्या, आठवड्यातून सहा दिवस मारल्या की ५०० चा डबा आठवड्यात संपतो. महागड्या बट प्लेटच्या किमतीत किती आठवड्यांचे डबे येतील, हा हिशेब खरेदीआधी कागदावर मांडावा.

त्यातही कुठलाही डबा चालत नाही. पेलेट ४.५ मिलिमीटरची म्हणवली जाते, पण तिच्या डोक्याचे माप ४.४८, ४.४९, ४.५०, ४.५१ असे वेगवेगळे येते आणि प्रत्येक नळीची आवड निराळी असते. पारख करायची ती रायफल व्हाइसमध्ये घट्ट बांधून, म्हणजे माणसाचा हात हिशेबातून निघून जातो. एकेका लॉटच्या दहा-दहा गोळ्या एकाच कार्डावर सोडायच्या, व्हर्निअरने भोकाची सगळ्यात लांब बाजू मोजायची आणि त्यातून ४.५ वजा करायचे. उरते ती त्या लॉटची पसरण. एका ग्रुपवर निकाल देऊ नये. प्रत्येक लॉटचे चार-पाच ग्रुप घ्यावेत आणि त्यातला सगळ्यात वाईट ग्रुप पाहून ठरवावे, कारण स्पर्धेत तोच आडवा येतो. ५० मीटरच्या पॉइंट टू टू गोळ्यांना तर हे दुप्पट लागू आहे; तिथे कंपनीच्या नावापेक्षा डब्यावरचा लॉट नंबर महत्त्वाचा, आणि जमलेला लॉट मिळेल तेवढा एकदम घेऊन ठेवणे शहाणपणाचे.

गोळ्यांनंतर पीप साइट, म्हणजे ज्याच्या बारीक छिद्रातून नेम धरतात तो मागचा भाग. इथे चांगल्या आणि साधारण मालातला फरक खरा आहे, आणि तो घरच्या घरी तपासता येतो. व्हाइसमधल्या रायफलमधून पाच गोळ्यांचा ग्रुप काढा. मग साइट वीस क्लिक उजवीकडे, वीस वर, वीस डावीकडे, वीस खाली फिरवा आणि प्रत्येक कोपऱ्यावर पाच-पाच गोळ्या सोडा. कार्डावर चौकोन उमटतो. त्याच्या चारही बाजू सारख्या आल्या आणि शेवटचा ग्रुप पहिल्यावर येऊन बसला तर साइट खरी. बाजू आखूड-लांब आल्या, किंवा परतीच्या वाटेवर पहिले दोन-तीन क्लिक नुसतेच वाजले आणि ग्रुप हललाच नाही, तर स्क्रूत ढिलाई आहे. अशा साइटवर स्पर्धेत दुरुस्ती करणारे मूल स्वतःवर शंका घेऊ लागते, आणि ते नुकसान गुणांत मोजता येत नाही. म्हणून जुनी साइट या परीक्षेत नापास झाली तर दुसऱ्या कुठल्याही भागाआधी ती बदलावी. पास झाली तर नव्या साइटचा विचार दोन वर्षे मनात आणू नये.

आयरिसचे तसे नाही. मागच्या छिद्राचा व्यास प्रकाशानुसार कमी-जास्त करणारी ही छोटी चकती ट्यूबलाइटच्या हॉलमधून उजेडाच्या रेंजवर गेल्यावर उपयोगी पडते, आणि ती फार महागही नसते. पण अनेक मुले छिद्र लहान-लहान करत जातात, कारण बुल, म्हणजे लक्ष्यावरचा काळा गोल, धारदार दिसतो. डोळा मात्र काही सेकंदांत थकतो. पुढच्या रिंगचेही असेच. काळ्या बुलभोवती पांढऱ्याचा बारीक धागा ठेवणारी लहान रिंग घेतली की नेम अगदी पक्का वाटतो आणि प्रत्यक्षात मूल ट्रिगर दाबायला घाबरते, कारण प्रत्येक थरथर दिसते. थोडी मोठी रिंग लावून पाहा. बहुतेकांचे गुण वाढतात. हा बदल वाटीभर सुट्या रिंगांमध्ये होतो.

जॅकेट, पँट आणि बूट यांवर सगळ्यात जास्त खर्च होतो आणि सगळ्यात जास्त फसगतही. कडक जॅकेट पाठीला आधार देते म्हणून कडक ते चांगले असा समज आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनी त्याला वेसण घातली आहे: कापडाची जाडी एकपदरी २.५ मिलिमीटर, कडकपणाच्या यंत्रावर किमान ३ मिलिमीटर दाबले गेलेच पाहिजे, बुटाचा तळ २२.५ अंश वाकलाच पाहिजे. हे माप स्पर्धा संपल्यावरही घेतले जाऊ शकते आणि नापास झाल्यास नेमबाज बाद होतो. जॅकेट थंडीत ताठरते. नाशिकच्या मे महिन्यातल्या दुपारी जे जॅकेट काठावर पास होते, ते एसी हॉलमधल्या तपासणीत नापास होऊ शकते. म्हणून काठावरचे जॅकेट कितीही नामांकित असले तरी घेऊ नये. खरी किंमत मापाची. खांद्यात बसलेले, बटणे लावल्यावर श्वास न अडवणारे देशी बनावटीचे जॅकेट हे अंगाला न बसलेल्या जर्मन जॅकेटपेक्षा कितीतरी सरस. वाढत्या वयाच्या मुलाला दर दीड-दोन वर्षांनी नवे लागणार हे गृहीत धरावे. बूट मात्र पहिल्या वर्षीच चांगले घ्यावेत. सपाट, न डगमगणारा तळ हा उभ्या पोझिशनचा पाया आहे.

वजने, उंची वाढवणारे ब्लॉक, स्टँड यांबाबत नाशिककर भाग्यवान आहेत. सातपूर आणि अंबडमध्ये मायक्रॉनच्या हिशेबात काम करणारे कारागीर आहेत. पितळेचे गोल वजन किंवा साइटखालचा अॅल्युमिनिअमचा ब्लॉक ही कामे इथला टर्नर उत्तम करतो, फक्त ११ मिलिमीटरच्या डव्हटेलचा खाचा आपल्या रायफलवर बसवूनच तपासून घ्यावा. साइट, नळी, हवेचा रेग्युलेटर यांना मात्र हात लावू नये. आणि परवान्याच्या रायफलीचे भाग बनवणे किंवा बदलणे हे शस्त्र कायद्याखाली येते, ते काम परवानाधारक गनस्मिथचेच. वजनांविषयी एक कळकळीची सूचना: एअर रायफलला साडेपाच किलोची मुभा आहे म्हणून बारा वर्षांच्या मुलीच्या हातात साडेपाच किलो देऊ नका. तिची पाठ तिला पुढे पन्नास वर्षे पुरवायची आहे.

नियमपुस्तक न वाचता केलेली खरेदी मी अनेक घरांत पाहिली आहे. ५० मीटरच्या रायफलीला चालणारी पाणसळ आणि तळहातावर टेकवायची पाम रेस्ट १० मीटरच्या एअर रायफलला चालत नाहीत. दुर्बीण तर दोन्हींना नाही. विक्रेता हे सांगेलच असे नाही.

छंदासाठी स्प्रिंगची एअरगन घेऊन तिच्यावर दुर्बीण चढवणाऱ्यांसाठी वेगळी पारख लागते. स्प्रिंगची बंदूक आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी धक्का देते. मोठ्या बंदुकीवर टिकणारी दुर्बीणही या उलट्या धक्क्याने आतून खिळखिळी होते. एअरगनसाठी म्हणून बनवलेली आणि दहा मीटरवर फोकस होणारी दुर्बीणच घ्यावी, कारण बहुतेक दुर्बिणी शंभर यार्डांवर बसवलेल्या असतात आणि जवळच्या लक्ष्यावर डोळा किंचित हलला तरी नेम सरकतो. मागची क्लॅम्प घसरू नये म्हणून अडकपिन हवी. आणि हे सारे कागदावर मारायला. पोपट, बगळे, घारी यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, आणि कायदा नसता तरी ते पाप होते.

शेवटी जुन्या मालाविषयी, कारण बहुतेक नाशिककर घरांतली पहिली मॅच रायफल जुनीच असते आणि तसे घेण्यात काहीही कमीपणा नाही. नळी वर्षानुवर्षे टिकते. बट प्लेट, चीकपीस, रुळ यांचे स्क्रू घासलेले असतील तर बदलता येतात. पाहायचे ते हवेचे सिलिंडर. त्यावर बनवल्याचा महिना आणि वर्ष कोरलेले असते. जर्मन कारखाने त्यापासून दहा वर्षांची मुदत देतात, आणि मुदत संपलेले सिलिंडर वापरले न जाण्याची जबाबदारी नियमांनी नेमबाजावरच टाकली आहे. तेव्हा भाव ठरवण्याआधी सिलिंडर काढून तारीख वाचावी. मुदत संपत आली असेल तर नव्या सिलिंडरची पूर्ण किंमत सांगितलेल्या भावातून वजा करावी, आणि विकणारा कबूल झाला नाही तर रायफल तिथेच ठेवून यावे.