बॅकअपच्या किती प्रती ठेवायच्या?

बॅकअपची डिस्क भरली की बरेच जण त्यातल्या जुन्या फायली हातानेच उडवतात. कृपा करून असं करू नका. आजकालची अनेक बॅकअप सॉफ्टवेअर तोच डेटा पुन्हा पुन्हा साठवत नाहीत. जुन्या प्रतीचे तुकडे नव्या प्रतीही वापरतात. चुकीची फाइल गेली तर कालचा बॅकअपही निकामी होऊ शकतो.

मला मनापासून आवडतं ते रेस्टिक. फुकट आणि ओपन सोर्स. त्याच्या ‘फर्गेट’ कमांडला सांगायचं: रोजच्या 7, आठवड्याच्या 4, महिन्याच्या 12 प्रती ठेव. जास्तीत जास्त 23 प्रती, आणि वर्षभर मागे जायची सोय! पण नुसत्या ‘फर्गेट’ने जागा सुटत नाही, प्रत फक्त यादीतून जाते. ‘प्रून’ चालवलं की मगच कुठल्याच प्रतीला न लागणारे तुकडे पुसले जातात. आधी ‘ड्राय-रन’ लावून काय जाणार ते बघाच.

आणि भरपूर प्रती काढून टाकल्या म्हणजे भरपूर जागा सुटेल, असंही नाही. फोटो-व्हिडिओ सहसा बदलत नाहीत, ते एकदाच साठतात. जागा खातात त्या रोज बदलणाऱ्या मोठ्या फायली. डेटाबेसचा झिप केलेला डंप तर थोड्याशा बदलानेही जवळजवळ नवाच होतो. तो झिप न करता द्या, रेस्टिक स्वतः कॉम्प्रेस करतं.

मॅकवर टाइम मशीन हे सगळं आपणहून सांभाळतं: 24 तासांतल्या दर तासाच्या, महिन्याभरातल्या रोजच्या, त्याआधीच्या दर आठवड्याच्या प्रती. डिस्क भरली की सगळ्यात जुनी जाते. म्हणून बॅकअपची डिस्क मॅकच्या स्टोरेजच्या किमान दुप्पट घ्या.