नखाएवढ्या ढालीवरचा इतिहास

मध्ययुगीन युरोपातील सरदारांच्या छोट्या प्रतिकृती रंगविण्याचा छंद वरकरणी मुलांचा खेळ वाटतो. परंतु त्यांच्या नखाएवढ्या ढालीवर कुंचला टेकविण्यापूर्वी कुलचिन्हांचे शास्त्र जाणून घ्यावे लागते. बाराव्या शतकात रूढ झालेली ही चिन्हे म्हणजे नुसती नक्षी नव्हे. ती घराण्याची मालमत्ताच होती. निळ्या ढालीवर सोनेरी तिरपा पट्टा, एवढ्याशा चिन्हासाठी इंग्लंडमध्ये स्क्रोप आणि ग्रोव्हनर या घराण्यांत १३८५ पासून खटला चालला. कवी चॉसर यानेही त्यात साक्ष दिली. १३९० मध्ये राजा दुसरा रिचर्ड याने स्क्रोपच्या बाजूने निकाल दिला.

रंगांचा मूळ नियम सोपा आहे. सोनेरी व रुपेरी हे ‘धातू’. लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे ‘रंग’. धातूवर धातू वा रंगावर रंग ठेवू नये, म्हणजे चिन्ह दुरूनही ओळखू येते. (सोनेरीऐवजी पिवळा, रुपेरीऐवजी पांढरा चालतो.) जेरुसलेमच्या राज्याने मात्र रुपेरी ढालीवर सोनेरी क्रूस मिरविला!

नवशिक्यांची फसगत होते ती उजव्या-डाव्यात. ढालीची उजवी बाजू ती धरणाऱ्याची. पाहणाऱ्याला ती डावीकडे दिसते. स्क्रोपचा पट्टा म्हणूनच आपल्या डाव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यातून खाली उतरतो.

सालही पाहावे लागते. फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगत तिसऱ्या एडवर्डने १३४० मध्ये आपल्या ढालीवर फ्रेंच लिलीची फुले घेतली, ती विखुरलेली. पंधराव्या शतकाच्या आरंभी ती तीनच उरली. त्यामुळे अझिन्कोर्टच्या (१४१५) पाचव्या हेन्रीला तीन फुले शोभतात. क्रेसीच्या (१३४६) एडवर्डला नाही.