शाईविना लिहिणारी लेखणी

हृदयाच्या विद्युत्-आलेखाची, म्हणजेच ईसीजीची, लांब पट्टी तुम्ही पाहिली असेलच. चौकटींच्या कागदावर काळी, नागमोडी रेघ! विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही रेघ बहुतेक यंत्रांत एक तापलेली लेखणी काढीत असे. तिच्यात शाईचा थेंबही नसे. मग ती लिही कशी?

हॉलंडचे विलेम आइन्थोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तारेचे गॅल्व्हानोमीटर वापरून हृदयाचे स्पष्ट आलेख मिळविले. त्याबद्दल त्यांना १९२४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्यांच्या यंत्रात तारेची सावली फोटोच्या काचेवर पडे, आणि काच रसायनात धुतल्यावरच आलेख दिसे. रोगी समोर असतानाच आलेख हवा, तर लेखणीच हवी. शाईच्या लेखणीची नळी मात्र वाळून तुंबते. लेखणी झपाट्याने हलली की शाईही उडते.

यावर युक्ती निघाली ती कागदात. गडद रंगाच्या कागदावर मेणासारख्या पदार्थाचा पांढरा, अपारदर्शक थर द्यायचा. विजेने तापलेले टोक टेकले की तेवढाच थर वितळतो आणि खालचा गडद रंग दिसू लागतो. म्हणजे ही लेखणी काळे काही लावीत नाही. ती फक्त पांढरे दूर सारते!

आता खरी अडचण पाहा. लेखणी गॅल्व्हानोमीटरच्या वेटोळ्याला जोडलेली असते व त्याच्याबरोबर फिरते. फिरणाऱ्या वस्तूचे टोक सरळ जात नाही. ते वर्तुळाचा कंस काढते. समजा, लेखणी १० सेंटिमीटर लांब आहे व टोक २० मिलीमीटर बाजूला गेले. पायथागोरसचा सिद्धान्त वापरून पाहा: टोक सुमारे २ मिलीमीटर मागेही सरकले! कागद सेकंदाला २५ मिलीमीटर वेगाने सरकतो. म्हणजे वेळेत ०.०८ सेकंदाची चूक झाली. हृदयाच्या आलेखातील सर्वांत उंच लाटेचा सगळा खेळच सुमारे ०.०८ ते ०.१ सेकंदात आटोपतो. अशा वाकड्या लाटेवरून डॉक्टरांनी निदान कसे करावे?

उपाय साधा पण मोठा सुंदर आहे. कागद एका सरळ, अरुंद धारेवरून वळवून न्यायचा. लेखणीचे फक्त टोक नव्हे, तर टोकाजवळचा लांबट भाग तापवायचा. लेखणी कशीही फिरली तरी कागदाला ती धारेवरच टेकणार. स्पर्शबिंदू लेखणीवर पुढेमागे सरकतो, पण धारेवर मात्र सरळच चालतो. वेळेची चूक नाहीशी होते! उंचीत थोडा फरक उरतो. वरच्या उदाहरणात तो दीड टक्क्याहूनही कमी आहे.

उष्णताही बेताची हवी. ती कमी पडली तर रेघ पुसट येते, जास्त झाली तर जाड येते. कागदाचा वेग दुप्पट केला तर प्रत्येक बिंदूला निम्माच वेळ मिळतो. म्हणून उष्णता वाढवावी लागते. शिवाय आरंभी एक मिलिव्होल्टचा ठोका देऊन लेखणी बरोबर १० मिलीमीटर सरकते ना, हे तपासतात. ठोक्याच्या चौकोनाचे कोपरे गोलावले, तर लेखणी अडखळते आहे असे समजावे. ती कागदावर फार दाबली गेली, तरी असेच होते.

पुढे ही हलती लेखणीही गेली. तिच्या जागी एका ओळीत बसवलेले असंख्य बारीक तापक आले. जिथे ठिपका हवा, तिथलाच तापक क्षणभर तापतो. हलणारी लेखणीच नाही, मग जडत्व कुठले आणि कंस कुठला? दुकानातील अनेक पावत्या याच रीतीने छापल्या जातात. त्यांच्या कागदात मात्र मेणाचा थर नसतो. त्यात रंगहीन रंगद्रव्य व आम्लधर्मी पदार्थ असतो. उष्णतेने ते एकत्र येऊन काळा रंग उमटतो.

अशी एक पावती घ्या आणि तिच्या गुळगुळीत बाजूवर नखाने झरकन रेघ ओढा. काळी रेघ उमटेल! ही उष्णता कोठून आली? विचार करा. नंतर हात धुवायला विसरू नका. आणि घरात अशा कागदावरचा जुना ईसीजी असेल, तर त्याची झेरॉक्स प्रत आजच काढून ठेवा. उष्णतेने लिहिलेली अक्षरे काळाबरोबर फिकी पडतात. पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना जुन्या आलेखाशी तुलना करावी लागते.