जालान अंपासचा लक्ष्मण

अमेरिकेत जॉन वेन, गॅरी कूपर यांच्यासारखे बंदूकधारी घोडेस्वार रजतपटावर हुकमत गाजवीत होते, त्याच काळात सिंगापुरातील बॅलेस्टियर रस्त्यालगत जालान अंपास नामक गल्लीत, 8 क्रमांकाच्या आवारात, मलय प्रेक्षकांचा वीरनायक घडत होता. हे आवार शॉ बंधूंच्या मलाय फिल्म प्रॉडक्शन्स या संस्थेचे. भांडवल चिनी, नटवर्ग मलय आणि प्रारंभीचे दिग्दर्शक बहुतांशी हिंदुस्थानी, असा तिचा त्रिवेणी संसार. आणि नटनट्या पगारी नोकर असल्याने ‘प्रभात’ चित्रसंस्थेच्या दिवसांची आठवण असलेल्या मराठी रसिकास तो अपरिचित वाटू नये.

1948 साली बी. एस. राजहंस यांनी पेनांगचा एक तरुण गायक येथे आणला, तोच पी. रामली. पहिल्या ‘चिंता’ चित्रपटात त्याच्या वाट्याला दुय्यम खलनायकाची भूमिका व पार्श्वगायन आले. (आपली ‘चिंता’ मलय भाषेत जाऊन ‘प्रेम’ झाली आहे, हे जाता जाता सांगावेसे वाटते.) पुढे 1955 मध्ये ‘पेनारेक बेचा’ या सायकलरिक्षावाल्याच्या कथेने तो स्वतः दिग्दर्शक झाला.

परंतु त्याची खरी कसोटी लागली ती फणी मजुमदारांच्या 1956 च्या रंगीत ‘हांग तुआ’मध्ये. हांग तुआ हा मलाक्काच्या सुलतानाचा निष्ठावंत योद्धा. त्याचा ‘लक्समाना’ हा दर्यासारंगाचा हुद्दा म्हणजे आपला रामानुज लक्ष्मणच. खोट्या आळामुळे तुआला देहान्ताची सजा झाली, तो मेला असे समजून जिवलग मित्र जेबात दरबाराविरुद्ध उठला, आणि गुप्तपणे वाचलेल्या तुआलाच त्याचा वध करण्याचा हुकूम झाला. हुकुमाची तामिली होते. मात्र अखेरीस रामलीचा तुआ विजयाच्या उन्मादात दिसत नाही, तो खिन्न बसून स्वतःलाच विचारतो, की न्याय्य कोण, मी की जेबात? शत्रूला लोळवून निःशंक मनाने क्षितिजाकडे घोडा हाकणाऱ्या त्या पाश्चात्त्य वीरांपेक्षा हा शंकाकुल वीर मला कितीतरी मोठा वाटतो.

याच रामलीने 1962 च्या ‘लाबू दान लाबी’त स्वप्नदृश्याच्या निमित्ताने अमेरिकन काउबॉयची यथेच्छ थट्टाही केली. 1964 मध्ये तो क्वालालंपूरला गेला. 1967 मध्ये जालान अंपासची चित्रनिर्मिती थांबली. आणि 29 मे 1973 रोजी, वयाच्या अवघ्या 44 व्या वर्षी, तो निवर्तला.

सिंगापूरला जाणाऱ्या मराठी प्रवाशाने एक तास बॅलेस्टियर रस्त्यासाठी राखावा, आणि निघण्यापूर्वी ‘हांग तुआ’ अवश्य पाहून घ्यावा.