साथ, सत्ता आणि पत्रकार

मुंबईहून थळ घाट चढून इगतपुरीस येणाऱ्या रेल्वे-प्रवाशांची तपासणी व संशयितांचे विलगीकरण करण्याचा अधिकार सरकारला १८९७ च्या साथरोग अधिनियमाने मिळाला. त्याच वर्षी पुण्यात सैनिकांकरवी झालेल्या घरझडत्यांवर टिळकांनी ‘केसरी’तून कठोर टीका केली. तथापि विलगीकरणाचे तत्त्व त्यांना अमान्य नव्हते. हिंदू प्लेग रुग्णालयासाठी ते स्वतः झटले. २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. सप्टेंबरात टिळकांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. परंतु अभियोगाचा आधार होता तो शिवोत्सवविषयक लेखनाचा. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात हाच अधिनियम पुन्हा लागू झाला. तात्पर्य, उपाय आणि त्याच्या अंमलबजावणीची रीत यांचा विचार पत्रकाराने पृथक् केला पाहिजे. एरवी जुलुमाविरुद्धची तक्रार हाच रोगनिवारणास विरोध ठरतो.