वैनगंगेची खाडी

भंडाऱ्याच्या माणसाला खाडी माहीत असते ती शाळेच्या भूगोलातून. नदी समुद्राला मिळते तिथे भरतीचे पाणी आत शिरते, गोडे आणि खारे एकमेकांत मिसळते, गाळ बसतो. एवढी व्याख्या पाठ केली की आमचे काम संपे. वैनगंगेला समुद्र नाही. सिवनी जिल्ह्यात मुंडाऱ्याजवळ उगम पावून ती भंडारा जिल्ह्यातून दक्षिणेला जाते, चपराळ्याजवळ वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्यापाशी गोदावरीत जाते. समुद्र पाहते ती गोदावरी, आंध्रात. तरीही गेली काही वर्षे अंभोऱ्याच्या घाटावर उभा राहिलो की मला तो भूगोलाचा धडा आठवतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत माणसाने एक खाडी तयार केली आहे, असे वाटत राहते. ही तुलना कुठवर टिकते, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

अंभोरा हे पाच नद्यांच्या संगमाचे ठिकाण: वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा आणि कोलारी. टेकडीवर चैतन्येश्वराचे मंदिर आहे. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ शके 1110 मध्ये इथेच रचला, अशी आमच्याकडची परंपरा आहे. अंबाजोगाईचाही त्यावर हक्क आहे आणि विद्वानांचा तो वाद जुना आहे. मला आठवतो तो अंभोरा उन्हाळ्यातला. पाण्याच्या दोन-तीन धारा, मध्ये वाळूचे विस्तीर्ण पट आणि त्या वाळूत ढिवरांच्या डांगरवाड्या. मामांचे गाव तिथून जवळ. रात्री वाडीची राखण करायला मामांबरोबर गेलो की वाळूतच झोपायचे. नदी उथळ होती म्हणूनच ती शेत होऊ शकत होती.

पवनी तालुक्यातल्या गोसे गावाजवळच्या धरणाने हे चित्र पालटले. गोसेखुर्द प्रकल्पाला 1983 मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा खर्चाचा अंदाज 372 कोटी रुपये होता. 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झाले. पुढे तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला आणि खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पट वाढला. धरणाची भिंत सव्वाअकरा किलोमीटरहून लांब आहे, दरवाजे 33 आहेत आणि पूर्ण साठ्याची पातळी समुद्रसपाटीपासून 245.50 मीटर. आमच्या भागात हा आकडा शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कुणाचे घर पाण्याखाली जाईल आणि कुणाचे राहील, हे त्या आकड्याने ठरवले.

वैनगंगेचे खोरे सपाट आहे. डोंगराळ मुलखात धरण बांधले तर पाणी उंचावते. इथे ते पसरते. मुख्य प्रवाह अडला की फुगवटा मागे सरकतो आणि वाटेतल्या प्रत्येक उपनदीच्या, नाल्याच्या तोंडात शिरतो. वाहते पाणी त्या साचलेल्या पाण्याला भिडले की त्याचा वेग मोडतो आणि त्याने आणलेली वाळू, माती तिथेच खाली बसते. समुद्राकाठच्या खाडीत हेच घडते.

भरती-ओहोटीही आहे, फक्त तिचा घड्याळाशी संबंध नाही. खाडीत दिवसाला दोन भरत्या येतात. इथे वर्षाला एक. पावसाळा सरताना साठा चढत जातो, सिंचनासाठी पाणी सुटू लागले की उतरतो. उन्हाळ्याकडे काठची जमीन उघडी पडते. त्या ओल्या गाळात घेतलेल्या पिकाला गाळपेर म्हणतात. पण डांगरवाडी आणि गाळपेर यांत फरक आहे. वाळू कधी उघडी पडेल हे ढिवराला ऋतूवरून कळत होते. गाळपेर कधी बुडेल हे दरवाज्यावर ठरते. चंद्राची भरती पंचांगात सापडते. ही भरती पंचांगात नाही.

मीठ मात्र इथल्या पाण्यात नाही. त्याच्या जागी दुसरे काही आहे. नागपूर शहराचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेत येते. वाहत्या नदीत हे पाणी निदान पुढे जाई. साचलेल्या जलाशयात ते थांबते, आणि त्यावर जलपर्णी माजते. ढिवराच्या जाळ्यात माशाआधी ती येते. खाडीतली सरमिसळ निसर्गाची असते, ही आमची.

खाडीकाठच्या लोकांना आणखी एक गोष्ट ठाऊक असते: पूर आणि भरती एका वेळी आली की पाण्याला जायला वाट उरत नाही. जुलै 2021 मध्ये चिपळूणने वाशिष्ठीच्या काठी हा अनुभव घेतला. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट 2020 च्या अखेरीस, भंडारा शहरात पाणी शिरले होते. मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस झाला, वरच्या संजय सरोवरातून विसर्ग आला, कन्हान-पेंचही भरून आल्या. वैनगंगेचा पूर नवा नाही. पण वरून सुटणारे पाणी आणि खालून उतरणारे पाणी यांचा मेळ तासातासाने घालावा लागतो, आणि वरचे धरण एका राज्यात, खालचे दुसऱ्या राज्यात आहे.

भिंतीच्या खालच्या अंगाला पवनी आहे. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांच्या उत्खननात तिथल्या जगन्नाथ टेकडीवर प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला. दोन हजार वर्षांपूर्वी एवढे नगर इथे वसले ते वाहत्या नदीच्या जोरावर. आज पवनीच्या घाटापुढे किती पाणी असावे, हे घाटाच्या वर बांधलेली भिंत ठरवते. आणि भिंतीच्या वर अडलेला गाळ फक्त पवनीला मुकतो असे नाही. गोदावरीच्या मुखाजवळ धवलेश्वरमला आर्थर कॉटन यांनी 1847 ते 1852 या काळात बंधारा बांधला. त्याच्या पुढे नदीचा खरा त्रिभुज प्रदेश आहे. तो वरून येणाऱ्या गाळावर उभा राहिला, आणि वरच्या धरणांमुळे तो गाळ घटला आहे. आमच्या शेतांची माती आता तिथे पोचायच्या आधीच आमच्याच खाडीत बसते.

धरण नको होते, असे मी म्हणणार नाही. अडीच लाख हेक्टर भिजवण्याचे ते वचन आहे, आणि जिथे कालवा पोचला तिथला धान करपत नाही. माझा आग्रह एवढाच, की आपण याला नुसते ‘जलाशय’ म्हणून मोकळे होऊ नये. जलाशय मोजायचा तो दशलक्ष घनमीटरात. खाडी म्हटले की तिच्या काठची माणसे, तिचा गाळ, तिची भरती यांचाही हिशेब ठेवावा लागतो. कोकणातला माणूस तो पिढ्यान्‌पिढ्या ठेवत आला. आम्हाला एका पिढीत शिकायचा आहे.

अंभोऱ्याला आता तारांवर तोललेला देखणा पूल झाला आहे. लोक त्यावरून पाणी पाहायला येतात. मागच्या हिवाळ्यात मामांना घेऊन गेलो. ऐंशी ओलांडलेले मामा कठड्याला धरून बराच वेळ खाली पाहत होते. मी त्यांना डांगरवाडी कुठे होती ते विचारले. त्यांनी हात वर केला, थोडा डावीकडे नेला, मग उजवीकडे, आणि खाली घेतला. खुणेला धरायला काठच उरला नव्हता.